सर्व्हरचा एक स्टोरेज पाथ पडल्यावर: दुरुस्तीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

स्टोरेजकडे जाणारे एकाहून अधिक मार्ग (पाथ) असलेला सर्व्हर एक मार्ग तुटला तरी चालत राहतो, आणि नेमके याच कारणामुळे दुरुस्तीला बसलेला माणूस निर्धास्त होऊन चालू असलेल्या मार्गाला हात लावतो. अशा प्रसंगांत पहिला बिघाड बहुधा किरकोळ असतो, म्हणजे एखादी सैल केबल किंवा चुकीच्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या आभासी जाळ्यात) गेलेला पोर्ट. डेटाबेस बंद पडतो तो दुरुस्ती सुरू झाल्यानंतर. म्हणून पुढील सर्व टप्प्यांत एकच नियम पाळला आहे: कोणता पाथ जिवंत आहे हे कागदावर येईपर्यंत तुटलेल्या पाथला हात लावायचा नाही.

## गृहीत धरलेली मांडणी

लेखभर एकच उदाहरण घेतले आहे. समजा, भोसरी एमआयडीसीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एक लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर ईआरपीचा (कारखान्याच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस चालतो आणि त्याचा सारा डेटा आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क पुरवण्याच्या पद्धतीने, जोडलेल्या स्टोरेजवर आहे. सर्व्हरला स्टोरेजसाठी दोन स्वतंत्र नेटवर्क पोर्ट आहेत. पहिला पोर्ट स्विच १ ला जोडलेला असून त्याचा पत्ता १०.१०.१.२१ आहे, दुसरा स्विच २ ला जोडलेला असून त्याचा पत्ता १०.१०.२.२१ आहे. स्टोरेजला ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन कंट्रोलर आहेत आणि प्रत्येक कंट्रोलरचा एकेक पोर्ट दोन्ही स्विचना गेला आहे: ‘ए’चे पत्ते १०.१०.१.५१ आणि १०.१०.२.५१, तर ‘बी’चे १०.१०.१.५२ आणि १०.१०.२.५२. म्हणजे एका लनकडे (स्टोरेजने सर्व्हरला दिलेल्या डिस्ककडे) जाणारे एकूण चार पाथ झाले. स्विचना आकडे आणि कंट्रोलरना अक्षरे दिली आहेत ती मुद्दाम; दोन्हींना ए-बी म्हटले की फोनवर गोंधळ ठरलेलाच.

कमांड येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाकायच्या. ज्यांच्याकडे फायबर चॅनेल (स्टोरेजसाठीचे वेगळे जाळे) आहे त्यांनी टप्पा ३ आणि ४ मधला नेटवर्कचा व आयस्कझीचा भाग सोडून द्यावा. बाकीचा क्रम तोच राहतो.

## पूर्वतयारी

सर्वांत आधी सर्व्हरच्या कन्सोलवर, म्हणजे आयएलओ, आयड्रॅक किंवा तत्सम स्वतंत्र व्यवस्थेवर, प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे. स्टोरेज अडकले की एसएसएचचे नवे लॉगिनही अनेकदा अडकते, आणि त्या वेळी कन्सोलचा पासवर्ड शोधत बसण्यात अर्थ नसतो. त्यानंतर कालच्या रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला आहे का हे लॉगमध्ये वाचावे. ‘रोज होतो’ हे उत्तर पुरेसे नाही.

मग अपेक्षित पाथांचा तक्ता हाताशी घ्यावा. त्यात प्रत्येक पाथसाठी सर्व्हरचा पोर्ट, स्विच आणि त्यावरील पोर्ट क्रमांक, कंट्रोलर, कंट्रोलरचा पत्ता आणि केबलवरचे लेबल एवढे असले म्हणजे झाले. असा तक्ता नसेल तर तो करणे हाच दुरुस्तीचा पहिला भाग आहे, कारण किती पाथ असायला हवेत हे माहीत नसताना किती तुटले हे सांगता येत नाही.

सर्व्हर रूममध्ये दुसरा माणूस उभा करायचा असेल तर त्याच्याशी बोलण्याची भाषा आधी ठरवावी. ‘साहेब, निळी काढू का?’ असा प्रश्न फोनवर येतो तेव्हा रॅकमधल्या दोन्ही केबल निळ्याच असतात. केबल काढण्यापूर्वी त्या माणसाने लेबल मोठ्याने वाचायचे, तुम्ही ते तक्त्याशी ताडून पाहायचे आणि मगच होकार द्यायचा.

वेळेबद्दलही दोन शब्द. भोसरी आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून असे काम गुरुवारी ठेवण्याची पद्धत आहे. पण महावितरणची देखभालीची कामेही बहुतेक गुरुवारीच निघतात. त्या दिवशीच्या वीज बंदची सूचना पाहिल्याशिवाय फेलओव्हरची (एक पाथ गेल्यावर दुसऱ्यावर जाण्याची) चाचणी ठरवू नये. सर्व्हर पुण्याच्या पेठांच्या भागात असेल तर अनंत चतुर्दशी आणि तिच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ सोडून द्यावी, कारण लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता बंद असताना सुटा भाग घेऊन कोणी पोहोचणार नाही.

शेवटी, काहीही बदलण्यापूर्वी पुढील माहिती एका फाइलीत साठवून ती फाइल या सर्व्हरबाहेर ठेवावी: ‘मल्टिपाथ -एलएल’चे उत्तर (मल्टिपाथ म्हणजे सर्व पाथ मिळून एकच डिस्क दाखवणारी लिनक्सची व्यवस्था), ‘आयस्कझीॲडम -एम सेशन -पी ३’चे उत्तर (येथील ‘पी’ कॅपिटल आहे), ‘एलएसबीएलके’चे उत्तर (डिस्क आणि त्यांवरील व्हॉल्यूमचे झाड), कर्नलचा लॉग आणि मल्टिपाथची कॉन्फिगरेशन फाइल.

इशारा: या टप्प्यावर सर्व्हर रीबूट करू नये. रीबूटने तुटलेला पाथ क्वचितच परत येतो; उलट जिवंत पाथही बूटच्या वेळी जोडला गेला नाही, तर सकाळपर्यंत चालू असलेला डेटाबेस दुपारी माउंटच होत नाही.

## टप्पा १: मल्टिपाथचे उत्तर नीट वाचणे

‘मल्टिपाथ -एलएल’च्या उत्तरात प्रत्येक पाथची एक ओळ असते आणि त्या ओळीच्या शेवटी तीन शब्द असतात. पहिला शब्द डिव्हाइस मॅपरचे (कर्नलमधील पाथ एकत्र जोडणाऱ्या भागाचे) मत सांगतो: ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘फेल्ड’. दुसरा शब्द पाथ तपासणाऱ्या चेकरचे मत सांगतो: ‘रेडी’, ‘घोस्ट’, ‘फॉल्टी’ इत्यादी. तिसरा शब्द कर्नलच्या दृष्टीने त्या डिस्कची स्थिती सांगतो: ‘रनिंग’ किंवा ‘ऑफलाइन’. ‘फेल्ड फॉल्टी रनिंग’ अशी ओळ दिसली तर कर्नलला डिस्क माहीत आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही, असा अर्थ होतो. ‘घोस्ट’ हा शब्द पाहून घाबरण्याचे कारण नाही. राखीव स्थितीत ठेवलेल्या कंट्रोलरच्या पाथबाबत तो योग्यच असतो.

पाथ गटांत विभागलेले दिसतात. अलुआ पद्धतीच्या, म्हणजे सर्व पाथ समान दर्जाचे नसलेल्या, स्टोरेजमध्ये लनची मालकी असलेल्या कंट्रोलरच्या पाथांना सहसा ५० आणि दुसऱ्या कंट्रोलरच्या पाथांना १० असे प्राधान्य दिलेले असते. पहिल्या गटापुढे ‘ॲक्टिव्ह’ आणि दुसऱ्यापुढे ‘इनेबल्ड’ लिहिलेले असते. ‘इनेबल्ड’ म्हणजे बिघाड नव्हे. हा गट बदलीसाठी तयार असून सध्या त्यावरून वाहतूक नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. तो ‘चालू करण्यासाठी’ म्हणून कॉन्फिगरेशनमध्ये सर्व पाथ एकाच गटात टाकणारे लोक मालकी नसलेल्या कंट्रोलरवर निम्मी वाहतूक ढकलतात आणि मग स्टोरेज हळू झाल्याची तक्रार करतात.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. बहुतेक जण उत्तरात ‘फेल्ड’ हा शब्द शोधतात आणि तो नसेल तर सर्व ठीक आहे असे मानतात. परंतु सर्व्हर सुरू होताना पाथ आधीच तुटलेला असेल, तर त्या पाथची डिस्क तयारच होत नाही, म्हणून ‘फेल्ड’ची ओळही दिसत नाही. चारऐवजी दोन ओळी असतात आणि दोन्हींपुढे ‘ॲक्टिव्ह रेडी रनिंग’ असे निष्पाप शब्द असतात. म्हणून शब्द वाचण्याआधी ओळी मोजाव्यात.

तपासणी: प्रत्येक लनसाठी ओळींची संख्या तक्त्यातील संख्येशी जुळते का? एका लनला चार आणि दुसऱ्याला तीन अशी तफावत असेल तर ती लिहून ठेवावी. टप्पा ५ मध्ये ती उपयोगी पडते.

## टप्पा २: तुटलेला पाथ नेमका कोणता, हे तारेपर्यंत शोधणे

एसडीबी, एसडीसी ही डिस्कची नावे बूटगणिक बदलू शकतात, त्यामुळे मागच्या वेळी एसडीसी म्हणजे कंट्रोलर ‘बी’ होता या आठवणीवर विसंबू नये. ‘आयस्कझीॲडम -एम सेशन -पी ३’च्या उत्तरात प्रत्येक सेशनखाली (सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यातील एका जोडणीखाली) स्टोरेजचा पत्ता, सर्व्हरचा इंटरफेस, सेशनची स्थिती आणि त्या सेशनमधून आलेल्या डिस्कची नावे एकत्र मिळतात. त्यावरून प्रत्येक डिस्कसमोर तक्त्यातील एक ओळ लिहावी.

चारही पाथ असे जुळवले की बिघाडाची जागा बरीचशी आपोआप दिसते. १०.१०.१ या जाळ्यातले दोन्ही पाथ गेले असतील तर संशय सर्व्हरचा पहिला पोर्ट, त्याची केबल आणि स्विच १ यांच्यावर येतो. कंट्रोलरकडे पाहायचे कारणच उरत नाही. .५२ ने संपणारे दोन्ही पाथ गेले असतील तर कंट्रोलर ‘बी’ रीस्टार्ट झाला आहे का, त्यावर फर्मवेअरचे काम चालू आहे का, हे स्टोरेज सांभाळणाऱ्याला विचारावे. चारांतला एकच पाथ गेला असेल तर कंट्रोलरचा तो एक पोर्ट, त्याची केबल किंवा स्विचवरील त्याचे व्हीलॅन एवढेच तपासायचे उरते. आणि चारही एकदम गेले असतील तर चार स्वतंत्र बिघाड शोधत बसू नये. दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर किंवा एकाच पॉवर स्ट्रिपवर तर नाहीत ना, हे आधी पाहावे. कागदावर दोन मार्ग आणि भिंतीत एकच प्लग, ही मांडणी लहान सर्व्हर रूममध्ये वाटते त्याहून जास्त आढळते.

इशारा: येथवर आल्यावर जिवंत पाथांची यादी लिहून ती दुसऱ्या माणसाला पाठवावी. पुढील प्रत्येक कमांड देताना त्यातील पत्ता या यादीत नाही ना, याची खात्री करावी.

## टप्पा ३: खालून वर, म्हणजे तारेपासून पोर्ट ३२६० पर्यंत

या टप्प्यात क्रम मोडू नये. लिंक नसताना आयस्कझीचे लॉग वाचणे हा वेळेचा अपव्यय आहे.

लिंक. ‘इथटूल’ने त्या इंटरफेसची लिंक आणि वेग पाहावा. दहा गिगाबिटचा पोर्ट एक गिगाबिटवर आला असेल तर पाथ ‘ॲक्टिव्ह’ दिसतो, पण ताण आला की गळपटतो. ‘इथटूल’लाच कॅपिटल एस जोडून त्रुटींचे आकडे काढावेत, काही मिनिटांनी पुन्हा काढावेत आणि त्यांतील सीआरसीचा (बिघडून आलेल्या फ्रेमचा) आकडा वाढतो आहे का ते बघावे. आकडा मोठा आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही, तो मागच्या वर्षीचाही असेल. तो वाढतो आहे का हा प्रश्न आहे. वाढत असेल तर केबल किंवा एसएफपी (पोर्टमध्ये बसणारे मॉड्यूल) बदलावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पत्ता आणि मार्ग. ‘आयपी रूट गेट १०.१०.१.५१’ या कमांडच्या उत्तरात पॅकेट कोणत्या इंटरफेसमधून जाईल हे दिसते. ते पहिल्या पोर्टमधूनच जायला हवे. दोन्ही स्टोरेज पोर्टना एकाच जाळ्यातले पत्ते दिलेले असतील तर येथेच अडचण उघडी पडते: लिनक्स सहसा त्या जाळ्यासाठी एकच मार्ग वापरतो, त्यामुळे दोन्ही सेशन एकाच केबलवरून जातात आणि दुसरी केबल नुसती शोभेला राहते. त्यातच ‘आरपी_फिल्टर’ (पॅकेट अपेक्षित इंटरफेसवरून आले का हे तपासणारी कर्नलची सेटिंग) कडक म्हणजे १ वर असेल तर दुसऱ्या इंटरफेसवर आलेली उत्तरे कर्नल टाकून देतो. आयस्कझीचे सेशन विशिष्ट इंटरफेसला बांधून, ‘आरपी_फिल्टर’ २ करून आणि एआरपीची मूल्ये नीट लावून हे चालवता येते. पण शक्य असेल तेथे दोन वेगळी जाळीच ठेवावीत. दहा वर्षांनी सर्व्हर सांभाळणाऱ्याला ती लगेच समजतात.

फ्रेमचा आकार. हा बिघाड सर्वांत फसवा असतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. स्टोरेजच्या जाळ्यावर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० ठेवलेला असताना मधल्या एखाद्या स्विचवर किंवा बदललेल्या पोर्टवर तो १५०० राहिला, तर साधा पिंग जातो, टार्गेट (आयस्कझीत स्टोरेजची बाजू) सापडते, लॉगिन होते, डिस्कही दिसते, कारण ही सारी देवाणघेवाण लहान पॅकेटांची असते. प्रत्यक्ष वाचन-लेखन सुरू झाले की मोठी पॅकेटे गळतात, सेशन तुटते, पुन्हा जोडले जाते आणि पुन्हा तुटते. मल्टिपाथमध्ये तो पाथ कधी चालू तर कधी बंद असा लुकलुकतो. तपासण्यासाठी ‘पिंग -एम डू -एस ८९७२’ या कमांडला त्या बाजूचा इंटरफेस आणि कंट्रोलरचा पत्ता द्यावा. येथील ‘एम’ कॅपिटल असून ‘एस’ लहान आहे. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९७२ उरतात, आणि ‘एम डू’मुळे पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई होते. ‘एम डू’ न देता मोठा पिंग पाठवून ‘जातो आहे’ म्हणणे व्यर्थ आहे, कारण तो तुकडे होऊन गेलेला असतो.

पोर्ट. शेवटी ‘एनसी’ने, त्या बाजूच्याच पत्त्यावरून, कंट्रोलरचा आयस्कझीसाठीचा टीसीपी पोर्ट ३२६० उघडतो का ते पाहावे. पिंग जातो पण ३२६० उघडत नाही, असे असेल तर फायरवॉल किंवा कंट्रोलरवरची आयस्कझी सेवा एवढेच उरते.

तपासणी: चारही तपासण्या जिवंत पाथवरही तशाच करून पाहाव्यात. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की फरक लपत नाही.

## टप्पा ४: आयस्कझीचे सेशन

कर्नलच्या लॉगमध्ये ‘डिटेक्टेड कॉन एरर १०११’ ही ओळ दिसली की लोक तो आकडा घेऊन शोधाशोध करतात. त्या आकड्याचा अर्थ जोडणी तुटली एवढाच असतो, कारण त्यात नसते. कारण त्याच्या आधीच्या ओळींत शोधावे: लिंक गेल्याची नोंद आहे, पिंगची मुदत संपल्याची नोंद आहे, की समोरून जोडणी बंद केल्याची.

सेशन ठरावीक वेळाने तुटून पुन्हा जोडले जात असेल आणि टप्पा ३ स्वच्छ असेल, तर इनिशिएटरचे (आयस्कझीत सर्व्हरच्या बाजूचे) नाव तपासावे. एक सर्व्हर क्लोन करून दुसरा उभा केला की ‘इनिशिएटरनेम’ची फाइलही जशीच्या तशी जाते. मग दोन सर्व्हर एकाच नावाने स्टोरेजकडे जातात, स्टोरेज एकाला आत घेताना दुसऱ्याला बाहेर काढते आणि दोघांचाही लॉग सारखाच रडतो. त्याहून वाईट म्हणजे एकाच लनवर दोघेही लिहू शकतात. अशा वेळी नवा सर्व्हर आधी बंद करावा आणि मगच नाव बदलण्याचे काम काढावे.

तुटलेल्या पाथचे सेशन काढून पुन्हा जोडण्याची वेळ आली तर लॉगआउटची कमांड फार सावधपणे द्यावी. ‘आयस्कझीॲडम -एम नोड’ला नुसते लॉगआउट जोडले तर सर्व सेशन बंद केली जातात. टार्गेटचे नाव दिले तरी पुरत नाही, कारण बऱ्याच स्टोरेजमध्ये दोन्ही कंट्रोलरच्या सर्व पोर्टना टार्गेटचे नाव एकच असते आणि त्या नावाने चारही पाथ जातात. म्हणून टार्गेटसोबत लहान ‘पी’ देऊन पत्ता लिहिलाच पाहिजे, उदाहरणार्थ १०.१०.१.५२, आणि एंटर दाबण्यापूर्वी तो पत्ता जिवंतांच्या यादीत नाही हे पाहिलेच पाहिजे. ‘सगळी सेवाच रीस्टार्ट करू’ हा मोहही टाळावा; डेबियन आणि उबुंटूमध्ये ओपन-आयस्कझी सेवा थांबवली की ती सेशन बंद करायला निघते.

इशारा: ‘आयस्कझीडी’च्या कॉन्फिगरेशन फाइलीत केलेला बदल आधी शोधलेल्या टार्गेटांना लागू होत नाही. प्रत्येक टार्गेटची नोंद शोधाच्या वेळी वेगळी साठवली जाते. ती ‘आयस्कझीॲडम -एम नोड -ओ अपडेट’ने बदलावी लागते आणि नव्याने लॉगिन झाल्यावरच बहुतेक मूल्ये लागू होतात. फाइल बदलून समाधानाने घरी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

## टप्पा ५: डिस्क परत आली, पण मल्टिपाथमध्ये आली का?

सेशन जोडले की डिस्क दिसायला हवी. नाही दिसली तर ‘आयस्कझीॲडम -एम सेशन’ला रीस्कॅन जोडून पाहावे. सेशन आहे पण काही लन दिसतात आणि काही नाहीत, अशी स्थिती असेल तर दोष सर्व्हरवर शोधू नये. टप्पा १ मध्ये लिहून ठेवलेली तफावत येथे कामाला येते: स्टोरेजवर तो लन सर्व पोर्टांना किंवा या सर्व्हरच्या नावाला नेमून दिलेला नाही, असे बहुधा निघते.

डिस्क दिसते पण मल्टिपाथमध्ये सामील होत नाही, याची नेहमीची कारणे दोन. पहिले, कॉन्फिगरेशनमधील ब्लॅकलिस्टमध्ये एखादा नियम फार रुंद लिहिलेला असतो. कोणीतरी सर्व्हरची अंतर्गत डिस्क वगळताना ‘एसडी’ने सुरू होणारे सारेच वगळून टाकलेले असते. वगळायचे असेल तर डब्ल्यूडब्ल्यूआयडीने (डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) वगळावे, नावाने नव्हे. दुसरे कारण जास्त त्रासदायक आहे: एलव्हीएमने (लिनक्सच्या व्हॉल्यूम व्यवस्थापकाने) मल्टिपाथच्या आधीच ती एकटी डिस्क धरलेली असते. ‘एलएसबीएलके’च्या झाडात डेटाबेसचा व्हॉल्यूम ‘एमपाथए’खाली दिसायला हवा, तो थेट एसडीबीखाली लटकलेला दिसला, तर चार पाथ असूनही डेटाबेस एकाच पाथवर उभा आहे असे समजावे. ही दुरुस्ती चालत्या कामात करू नये. ठरवून बंद ठेवलेल्या वेळेत व्हॉल्यूम ग्रुप सोडवावा, एलव्हीएमच्या फिल्टरमधून किंवा डिव्हाइस फाइलीतून सुट्या डिस्क काढाव्यात आणि ‘इनिटरामएफएस’ (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी लहान फाइल सिस्टीम) पुन्हा तयार करावा. रेड हॅट कुटुंबात ते ‘ड्रॅकट -एफ’ने आणि उबुंटूमध्ये ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’ने होते. शेवटचे पाऊल विसरले की पुढच्या बूटला जुनाच फिल्टर लागू होतो आणि सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते.

लुकलुकणाऱ्या पाथबद्दल एक सूचना. केबल यायला उशीर असेल तर तो पाथ तात्पुरता बाजूला ठेवणे शहाणपणाचे असते, पण ‘मल्टिपाथडी फेल पाथ’ ही कमांड त्यासाठी पुरी पडत नाही. तिचा परिणाम रीबूटनंतर टिकत नाही. त्याऐवजी त्या एका पत्त्याचे सेशन लॉगआउट करावे आणि त्याची स्टार्टअप नोंद ‘मॅन्युअल’ करावी, म्हणजे रीबूटनंतरही तो आपोआप जोडला जाणार नाही. केबल बदलल्यावर ती नोंद पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करायची आहे हे कामाच्या नोंदीत लगेच लिहावे.

## टप्पा ६: मुदती तपासणे

पाथ दुरुस्त झाला तरी ‘तो तुटला तेव्हा ईआरपी दोन मिनिटे का अडकले?’ हा प्रश्न उरतो. उत्तर बहुधा ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’ या मूल्यात असते. आयस्कझीत ते मुळात १२० सेकंद असते, म्हणजे तुटलेले सेशन परत येईल या आशेने कर्नल दोन मिनिटे ती विनंती धरून ठेवतो आणि तोवर मल्टिपाथला ती दुसऱ्या पाथवर नेता येत नाही. मल्टिपाथ असताना हे मूल्य ५ सेकंदांच्या आसपास ठेवतात. मल्टिपाथच्या नव्या आवृत्त्या ‘फास्ट_आयओ_फेल_टीएमओ’ या मूल्याने ते परस्पर बदलतातही, म्हणून फाइलीत काय लिहिले आहे त्यापेक्षा चालू सेशनच्या ‘रिकव्हरी_टीएमओ’मध्ये प्रत्यक्ष काय आहे ते ‘सिसएफएस’मध्ये (कर्नलची चालू मूल्ये दाखवणाऱ्या फाइलींत) वाचावे.

दुसरे मूल्य ‘नो_पाथ_रिट्राय’. सर्व पाथ गेल्यावर काय करायचे हे ते ठरवते. ‘क्यू’ ठेवले तर विनंत्या पाथ परत येईपर्यंत अमर्याद काळ थांबतात. प्रोसेस ‘डी’ स्थितीत (डिस्कच्या उत्तराची वाट पाहत) अडकतात, त्या मारता येत नाहीत आणि शटडाउनही लटकतो. ‘फेल’ ठेवले तर दोन्ही स्विच क्षणभर गेले तरी डेटाबेसला त्रुटी मिळते आणि फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती उरू शकते. आकडा दिला तर तेवढ्या फेऱ्या थांबून मग त्रुटी दिली जाते. फेरी ५ सेकंदांची असेल तर १२ म्हणजे साधारण एक मिनिट. एकट्या डेटाबेस सर्व्हरसाठी आकडा देणे मला जास्त पटते, मात्र तो आकडा दोन्ही कंट्रोलरच्या बदलीला लागणाऱ्या वेळेहून मोठा हवा, आणि स्टोरेज बनवणाऱ्याने वेगळे सांगितले असेल तर त्याचेच ऐकावे.

## टप्पा ७: फेलओव्हरची चाचणी

चाचणी सुरू करण्यापूर्वी चारही पाथ ‘ॲक्टिव्ह रेडी रनिंग’ असल्याची खात्री करून घ्यावी आणि डेटाबेसबाहेरच्या एखाद्या चाचणी व्हॉल्यूमवर सतत लहान लेखन चालू ठेवावे, म्हणजे किती सेकंद खंड पडला हे दिसते.

सर्व्हरवर इंटरफेस ‘डाउन’ करून चाचणी करण्याची सवय चांगली नाही. इंटरफेस खाली गेला की त्याचा मार्गही सर्व्हरच्या रूटिंग तक्त्यातून नाहीसा होतो, आणि कारखान्याचे मुख्य राउटर स्टोरेजच्या जाळ्यापर्यंत पोहोचत असेल तर पॅकेटे निमूटपणे ऑफिसच्या केबलवरून जाऊ लागतात. सेशन टिकते, चाचणी ‘पास’ होते आणि काहीच तपासले गेलेले नसते. त्याऐवजी स्विचवरचा पोर्ट बंद करावा किंवा केबल काढावी. त्यानंतर दुसरी चाचणी निराळ्या प्रकारची घ्यावी: लिंक चालू ठेवून फायरवॉलने त्या एका पत्त्याचा ३२६० पोर्ट अडवावा. मधला स्विच गोठतो तेव्हा सर्व्हरच्या पोर्टवरचा दिवा हिरवाच असतो, आणि तेव्हा केवळ मुदती संपूनच पाथ बदलतो.

क्रम असा ठेवावा:

१. पहिला पोर्ट बंद करावा, दोन पाथ ‘फेल्ड’ झालेले पाहावेत आणि लेखन चालू आहे हे पाहावे.
२. पोर्ट सुरू करावा आणि चारही पाथ परत येईपर्यंत थांबावे.
३. त्यानंतरच दुसऱ्या पोर्टकडे जावे.
४. शेवटी कंट्रोलर बदलण्याची चाचणी स्टोरेज सांभाळणाऱ्याकडून करून घ्यावी.

इशारा: दुसरी पायरी घाईने उरकणे हीच येथली जीवघेणी चूक आहे. पोर्टवरचा दिवा लागला म्हणजे पाथ आला असे नाही. स्विचवर स्पॅनिंग ट्री (जाळ्यातील लूप टाळणारी व्यवस्था) चालू असेल तर दिवा लागल्यावरही काही काळ वाहतूक अडलेली असते. मल्टिपाथमध्ये चार ओळी दिसेपर्यंत पुढे जाऊ नये.

## टप्पा ८: वीज गेल्यानंतरचे बूट आणि नजर

वीज परतल्यावर सर्व्हर बहुधा स्टोरेजच्या आधी उठतो. आयस्कझीचे पहिले लॉगिन मुळातल्या मूल्यांनुसार साधारण १२० सेकंद प्रयत्न करून सोडून देते, आणि तोवर कंट्रोलर ‘बी’ उठला नसेल तर त्याची सेशन तयारच होत नाहीत. टप्पा १ मधील ‘ओळच नाही’ हा प्रकार बहुतेक वेळा असा जन्मतो. म्हणून आधी स्विच, मग स्टोरेज, दोन्ही कंट्रोलर तयार झाल्यावर सर्व्हर, असा क्रम ठेवावा. सर्व्हरच्या बायॉसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर तिला पुरेसा विलंब द्यावा किंवा ती बंद ठेवावी. चुकून आधी सुरू झालाच, तर रीबूट करण्याची गरज नसते: ‘आयस्कझीॲडम -एम नोड’ला ‘लॉगिनऑल’ आणि ‘ऑटोमॅटिक’ जोडले की राहिलेली सेशन जोडली जातात आणि आधीची तशीच राहतात. ‘एफएसटॅब’मध्ये या व्हॉल्यूमसमोर ‘_नेटडेव्ह’ (नेटवर्क आल्यावरच माउंट करावे अशी खूण) लिहिलेले आहे याचीही त्याच वेळी खात्री करावी.

नजर ठेवण्याच्या स्क्रिप्टने ‘फेल्ड’ शब्द शोधू नये. प्रत्येक लनच्या चालू पाथांची संख्या मोजावी आणि ती चारपेक्षा कमी झाली की लगेच कळवावे. शून्य झाल्यावर येणारी सूचना काही कामाची नसते, तोवर उत्पादन विभागाचा फोन आलेला असतो. त्या स्क्रिप्टचा निकाल सर्व्हरच्या स्थानिक डिस्कवर लिहावा, तपासल्या जाणाऱ्या लनवर नव्हे, आणि प्रत्येक बूटनंतर दहा मिनिटांनी तीच मोजणी एकदा वेगळी चालवून तिचा आकडा ड्युटीवरच्या माणसाला पाठवावा, मग तो चार असला तरी.